तांब्याचा हंडा, हिरवे डाग आणि उडालेली कल्हई : आधी काय करावं?

परसदार

कोकणातल्या घरातली जुनी तांब्याची भांडी पुन्हा वापरात आणायची आहेत. नुसती दिवाणखान्यात मांडायला नकोत, रोजच्या कामाला हवीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

भांडी अशी आहेत:

हंडा, साधारण १५ लिटरचा. आत बुडाशी आणि गळ्याच्या सांध्यावर फिकट हिरवी भुकटी. चिंच-मीठ लावून घासला की लख्ख होतो, पण तीन-चार दिवसांत त्याच जागी पुन्हा हिरवे ठिपके येतात.

घंगाळ. बाहेरून काळं, आतून गडद तपकिरी, हिरवं कुठेही नाही.

पातेलं, २५ सें.मी. व्यासाचं आणि १५ सें.मी. खोल. आत कल्हई आहे, पण बुडाशी दोन जागी तांबडं उघडं पडलंय. बाजूला एक-दोन पोचे आहेत.

लोटी. घासल्यावर गुलाबी दिसते. काही जण तांब्याची म्हणतात, काही पितळेची.

प्रश्न:
१) हंड्यावरचं हिरवं पुन्हा पुन्हा का येतं? कायमचं कसं घालवायचं?
२) घंगाळाचा तपकिरी थर काढायलाच हवा का?
३) कल्हई करून घेताना काय पाहावं? कथलात शिसं मिसळतात असं ऐकलं, ते कसं ओळखायचं?
४) हंड्यात पिण्याचं पाणी ठेवलं तर चालेल का? घरात लहान मूल आहे, पाणी विहिरीचं आहे.
५) लोटी नक्की कशाची, हे घरच्या घरी कळेल का?

आमसूल

हंड्याला लिंबू आणि मीठ चोळून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी धुवा. हिरवं राहत नाही.

धातुवेधी

आमसूल, सकाळी हंडा चकचकीत दिसेल हे खरं, पण परसदारांची अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. रात्रभर मीठ लावून ठेवू नका.

तांब्यावरचं सगळं हिरवं एकच नसतं. पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं. तिथे ताकातलं आम्ल धातू विरघळवून त्याचे क्षार करतं आणि ते ताकात उतरतात. व्हिनेगर किंवा आंबलेल्या पदार्थाच्या वाफेने तांब्यावर चढतो तो खरा जंगाल, म्हणजे तांब्याचं अ‍ॅसिटेट. तो निळसर हिरवा असतो आणि पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या भांड्यावर घट्ट बसलेला गर्द हिरवा थर बहुधा कार्बोनेटचा, मॅलाकाइट या खनिजाच्या जातीचा. तो दिसायला वाईट, पण स्थिर असतो. तिसरा प्रकार क्लोराइडचा. समुद्राच्या खाऱ्या हवेने किंवा मिठाने तांब्यावर आधी क्युप्रस क्लोराइडचा फिकट, मेणासारखा थर बसतो. त्याला ओल आणि हवा मिळाली की त्यातून फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी तयार होते, आणि सुटलेलं आम्ल पुन्हा खालचं तांबं खातं. म्हणजे चक्र आपोआप चालू राहतं. पुरातत्त्वातली माणसं ब्राँझच्या मूर्तींवरच्या या रोगाला फार भितात.

तुमचा हंडा याच तिसऱ्या प्रकारातला दिसतो. फिकट भुकटी, सांध्याशी आणि बुडाशी, घासल्यावर तीन-चार दिवसांत परत. चिंच-मिठातलं मीठ गळ्याच्या सांध्याच्या फटीत राहतं. वरवर धुऊन ते निघत नाही. घासायचं मीठच पुढच्या डागाचं बी ठरतं.

कृती सांगतो. मीठ अजिबात न वापरता सायट्रिक आम्ल घ्या, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. १ लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. हंडा आडवा करून सांध्याशी हे पाणी १५ ते २० मिनिटं राहू द्या, मऊ ब्रशने फटीतून फिरवा. तारेची घासणी नको, तिच्या ओरखड्यांत पुढची घाण बसते. पाणी निळसर झालं की ओता. पाण्यात निळं उतरतंय तोवर नव्या पाण्याने पुन्हा करा, सहसा दोनदा पुरतं. मग १ लिटर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा घालून त्याने खंगाळा, म्हणजे फटीतलं आम्ल मरेल. शेवटी साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा आणि प्रत्येक वेळी हंडा उलटा करून सांधा निथळू द्या. हंड्याला क्षार नको म्हणून शेवटचं पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड असेल तर उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाळवणं. फडक्याने पुसून भागत नाही. कडक उन्हात अर्धा दिवस उलटा, मग अर्धा दिवस सुलटा. पावसाळ्यात चुलीच्या उबेजवळ, पण जाळावर नाही. सांध्याला डाक, म्हणजे वितळवून भरलेला जोडधातू, लावलेला असेल तर जाळाने तो सुटेल. साध्या शिसे-कथलाचा डाक १८३ अंशांच्या आसपासच वितळायला लागतो.

आठवड्याभराने काळोख्या, दमट जागी ठेवून तपासा. तरीही त्याच ठिपक्यात भुकटी आली तर सांध्यातलं तांबं खोलवर खाल्लं गेलंय. तो सांधा उघडून नवा करावा लागेल आणि ते काम तांबटाचंच.

संडास धुवायचं आम्ल तर जवळही आणू नका. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे पुन्हा क्लोराइडच. शिवाय हवेच्या साथीने ते तांबंही विरघळवतं. ब्लीचिंग पावडरही नको.

घंगाळाबाबत तुम्ही चांगली नजर ठेवली आहे. गडद तपकिरी थर हा क्युप्रस ऑक्साइड आहे. पातळ, घट्ट, खालच्या तांब्याला झाकून ठेवणारा. अंघोळीच्या पाण्यासाठी तो काढू नका. बाहेरचं काळं म्हणजे काजळी आणि त्याखाली जळून झालेलं काळं क्युप्रिक ऑक्साइड. काजळी राखेने काढा, काळा थर राहू द्या. लख्ख गुलाबी तांबं बघायला छान, पण त्या अवस्थेत ते सगळ्यात उघडं असतं.

वजनकाटा

लोटीचं उत्तर मी देतो, कारण गुलाबी रंगाने पुष्कळजण फसतात.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेचं भांडं चिंचेत रात्रभर ठेवलं तर पृष्ठभागावरचं जस्त आधी विरघळतं आणि मागे तांबं राहतं. भांडं गुलाबी दिसतं आणि आपण म्हणतो, बघा, आत तांबंच होतं! म्हणून आधी बुडाखाली न दिसणाऱ्या जागी बारीक कानस एकदाच मारा. आतला रंग पिवळा तर पितळ, लालसर तर तांबं. लोहचुंबक चिकटला तर आत पोलाद आहे आणि वर नुसतं पाणी चढवलेलं आहे.

कानस मारायची नसेल तर घनता मोजा. तांब्याची घनता ८.९६ आणि नेहमीच्या पितळेची ८.४ ते ८.७. यासाठी स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. लोटीचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेली छोटी बादली ठेवून आकडा शून्य करा. लोटीला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर धातूचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा.

उदाहरणार्थ ६०० ग्रॅमची लोटी. आकडा ६७ आला तर भागाकार ८.९६, म्हणजे तांबं. ७०-७१ आला तर साधारण ८.५, म्हणजे पितळ. फरक अवघा ३-४ ग्रॅमचा असल्याने आत हवेचा बुडबुडा राहिला तर निकाल साफ चुकतो. लोटी आडवी बुडवून, हलवून हवा काढा, मग सरळ करा. तीनदा मोजा. हलक्या, १००-१५० ग्रॅमच्या वस्तूला हा काटा अपुरा पडतो.

पितळ निघालं तर एक गोष्ट सांभाळा. गोठ्याजवळ ठेवू नका. गोमूत्रातून येणाऱ्या अमोनियाने, ठोकून घडवलेल्या पितळेला काठापासून उभे तडे जातात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकत असत आणि त्यावरूनच या दोषाला इंग्रजीत ऋतूशी जोडलेलं नाव पडलं. शुद्ध तांब्याला हा धोका फार कमी.

कथील_नवसागर

कल्हईबद्दल.

कल्हई म्हणजे तांब्यावर कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांवर वितळतं, तांबं १०८५ वर. म्हणून तांब्याला धक्का न लावता त्यावर कथील पसरवता येतं. पण ते नुसतं पसरत नाही, तांब्याशी मिळून मधे एक मिश्र थर तयार करतं. तो नीट झाला तरच कल्हई टिकते.

तुमच्या समोर काम करून घ्या आणि क्रम बघा. आधी जुनी कल्हई आणि मळ पूर्ण काढून आतून सगळीकडे एकसारखं लालसर तांबं दिसलं पाहिजे. इथेच बरेचजण घाई करतात. तेलकट राहिलेल्या जागी कथील धरत नाही आणि महिन्याभरात खपली निघते. मग भट्टीवर भाता मारत भांडं फिरवून तापवायचं. तापमान बरोबर आलं की टाकलेल्या नवसागराचा पांढरा धूर लगेच उठतो. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती तांब्यावरचं ऑक्साइड खाऊन पृष्ठभाग ताजा करते. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची, ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने नवसागरासकट आतून फिरवायची. एका हाताने पकडीत भांडं फिरतंय, दुसऱ्या हातात कापूस. चांगल्या हाताचा माणूस बोळा थांबवत नाही, आणि कथील आरशासारखं बोळ्यामागून सरकत जातं. शेवटी पाण्यात बुडवून थंड.

काय बिघडतं ते बघा. भांडं कमी तापलं तर कथलाचे गोळे आणि ओघळ राहतात. जास्त तापलं तर पृष्ठभाग पिवळट, मग राखाडी पडतो. कथील जळून त्याचं ऑक्साइड झालेलं असतं आणि तांब्याशी झालेला मिश्र थर जाड व ठिसूळ होतो. अशी कल्हई ओरखड्याने सुटते. तुमच्या समोर पिवळी झाक आली तर त्याच वेळी पुन्हा करून मागा. धूर नाकात घेऊ नका, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, आणि मुलाला तिथे नेऊ नका.

किती कथील लागायला हवं याचा हिशोब सोपा आहे. तुमच्या पातेल्याचा आतला पृष्ठभाग, बूड आणि बाजू मिळून, साधारण १,६७० चौरस सें.मी. येतो. २५ मायक्रॉन जाडीची कल्हई धरली तर अंदाजे ४.२ घन सें.मी. कथील. घनता ७.३, म्हणजे ३० ग्रॅम. बोळ्यात आणि नवसागराच्या मळीत जातं ते धरून ४०-४५ ग्रॅमची कांडी खर्ची पडायला हवी. पाच-दहा ग्रॅममध्ये पातेलं उरकलं तर वर नुसती चकाकी आहे.

आता शिसं. ही भीती खरी आहे, कारण शिसं स्वस्त आहे आणि कथलात मिसळलं की काम कमी तापमानात, भराभर होतं. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवा. चर्र... चर्र... असा बारीक आवाज येतो. आतल्या स्फटिकांची रचना झटक्यात वळताना होणारा तो आवाज आहे. शिसं बरंच मिसळलं की आवाज मरतो. दुसरी खूण, कांडी पांढऱ्या कागदावर ओढा. शिशाची मिसळ असेल तर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटते, शुद्ध कथील जवळपास काहीच उमटवत नाही. तिसरी, कांडी कापून ताजा काप दोन दिवस ठेवा. कथील चकचकीत राहतं, शिशाचा काप मळकट होतो. या खुणा ढोबळ आहेत, थोडी भेसळ त्यांतून सुटते. म्हणून सगळ्यात खात्रीचं म्हणजे शुद्ध कथील स्वतः विकत घेऊन तेच वापरायला देणं, आणि कल्हई होईपर्यंत तिथे थांबणं. कांडी मध्येच बदलली तर लक्षात येईल.

वापरताना: कल्हईचं भांडं रिकामं कधीही गॅसवर ठेवू नका. पाणी किंवा आमटी असेपर्यंत बूड १०० अंशांच्या फार वर जात नाही, पण रिकामं पातेलं दोन मिनिटांत २३२ ओलांडतं आणि कथील बुडाशी थेंब होऊन जमतं. तुमच्या पातेल्याचे ते दोन तांबडे डाग बुडाशी आहेत, बहुधा असंच झालं असेल. त्यात तळण करू नका आणि फोडणी वेगळ्या कढल्यात करा. डाव लाकडी वापरा. रुपयाच्या नाण्याएवढं तांबं उघडं पडलं की पुन्हा कल्हई. तोवर त्यात आंबट काहीही नको.

जलपरीक्षण

पाण्याबद्दल स्पष्ट सांगते, कारण लहान मुलाचा प्रश्न आहे.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा २ मिलिग्रॅम. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या एका अभ्यासात तांब्याच्या भांड्यात पाणी १६ तास ठेवल्यावर हगवणीचे जंतू मेले आणि पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. आपल्या इष्ट मर्यादेहून जास्त, पण कमाल मर्यादेच्या पुष्कळ आत. तेव्हा तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याच्या समजुतीत तथ्य आहे.

पण त्या अभ्यासातलं पाणी किंचित अल्कधर्मी होतं. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं. पीएच ६.५ च्या खाली गेला की तांबं भराभर उतरतं. आरओचं पाणीही असंच मऊ असतं. म्हणून आधी पीएच तपासा. पीएच ७ किंवा वर असेल तर स्वच्छ हंड्यात रात्री भरलेलं पाणी सकाळी मोठ्यांनी प्यायला हरकत नाही. रोज रिकामा करून धुवा, पाण्यावर पाणी भरत राहू नका. त्यात लिंबू पिळू नका, ताक-सरबत ठेवू नका. पाण्याला धातूची कडवट चव आली किंवा पांढऱ्या पेल्यात निळसर झाक दिसली तर ते ओता. ३-४ मिलिग्रॅमपासून काहींना मळमळ सुरू होते.

हिरवी भुकटी येते आहे तोपर्यंत हा हंडा पिण्याच्या पाण्याला वापरूच नका.

आणि बाळासाठी तर नाहीच. पाणीही नाही आणि दूध तर मुळीच नाही. दुधातलं केसिन तांब्याला धरून ठेवतं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेलं दूध तान्ह्या बाळांना दिलं जायचं आणि त्यातून यकृत निकामी करणारा बालपणीचा सिऱ्होसिस होत असल्याचा धागा १९८० च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांच्या मदतीने उलगडला. त्या बाळांच्या यकृतात तांबं बेसुमार साठलेलं असे. दुधाची भांडी बदलली तसा हा आजार जवळपास दिसेनासा झाला. घरात विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार) असलेली व्यक्ती असेल तर तिलाही तांब्याच्या भांड्यातलं पाणी देऊ नये.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. लोटीवर कानस मारली, आत पिवळी निघाली, म्हणजे पितळ. हंड्याचं काम सायट्रिक आम्लाने सुरू केलंय, पहिलं पाणी चांगलंच निळं उतरलं.

आणखी दोन शंका. आपल्याकडे एवढं तांबं पूर्वी यायचं कुठून, महाराष्ट्रात खाण आहे का? आणि घंगाळाची एक पट्टी फाटली आहे, ती गॅस वेल्डिंगने जोडली तर चालेल का?

धातुवेधी

आधी वेल्डिंग, कारण ते केलं तर मागे येता येत नाही. जुन्या भांड्यांच्या तांब्यात थोडा ऑक्सिजन क्युप्रस ऑक्साइडच्या रूपाने असतो. अ‍ॅसिटिलिनच्या ज्योतीत हायड्रोजन असतो. तो तापलेल्या तांब्यात शिरतो, आतल्या ऑक्साइडशी मिळून वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला जागा नसते. कणांच्या कडांवरून तांबं आतून फाटतं. वेल्डच्या शेजारीच नवी चीर पडते, आणि वेल्डरला वाटतं हात चुकला. त्याऐवजी चांदीमिश्रित डाकाने, कमी वेळ ज्योत देऊन ब्रेझिंग करा, किंवा तांबटाकडून पट्टी रिबिट करून घ्या. नवी पट्टी घेताना नळीच्या कामाचं फॉस्फरसयुक्त तांबं मागा, त्यात ऑक्सिजन नसतो. त्या ०.०२ ते ०.०४ टक्के फॉस्फरसने तांब्याची विजेची वाहकता १५-२० टक्क्यांनी घसरते, म्हणून तारेसाठी ते निरुपयोगी, पण घंगाळाला काय फरक पडतो!

आता तांब्याचं मूळ. दख्खनच्या काळ्या कातळात कामाचं तांबं जवळपास नाहीच. चंद्रपूर जिल्ह्यात थानेवासनाला साठा आहे, पण आपल्या भांड्यांचं तांबं बाहेरूनच आलेलं आहे. आणि ही फार जुनी गोष्ट आहे. प्रवरेकाठच्या जोर्व्याला १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. त्याच नदीवरच्या दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव शिल्पं सापडली, मिळून ६० किलोंहून जास्त वजनाची. जिथे खाण नाही तिथे त्या काळी एवढा धातू चार वस्तूंत ओतला गेला, ही साधी गोष्ट नाही. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात डच कंपनी जपानी तांबं सुरतेला आणि पूर्व किनाऱ्याला उतरवत असे.

आज देशातले मोठे साठे राजस्थानात खेत्री, झारखंडात सिंगभूम आणि मध्य प्रदेशात मलांजखंड इथे आहेत. मलांजखंड बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे आपल्या गोंदियाच्या शेजारीच. धातुक जास्त करून चाल्कोपायराइट, तांबं-लोखंड-गंधकाचं पिवळं खनिज. शुद्ध खनिजात ३४.६ टक्के तांबं असतं, पण खाणीतल्या दगडात १ टक्क्याच्या आसपास. एक टन दगड फोडावा तेव्हा जेमतेम १० किलो. दगड दळून, फेसावर तरंगवून खनिज वेगळं करतात, भट्टीत गंधक आणि लोखंड काढतात, ९८-९९ टक्क्यांचं फोडांनी भरलेलं तांबं मिळतं. शेवटी मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या सल्फेटच्या, आम्लयुक्त द्रावणात वीज सोडून ९९.९९ टक्क्यांपर्यंत नेतात. टाकीच्या तळाशी जो गाळ बसतो त्यात सोनं-चांदी असते, ती वेगळी काढली जाते.

सुपारीबाग

वर मोरचुदाचा उल्लेख आला म्हणून विचारते. सुपारीच्या बागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, करायला लोखंडी पिंप चालत नाही म्हणतात. घंगाळ वापरलं तर?

वजनकाटा

लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नकोच. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड विरघळतं आणि तांबं त्यावर लाल होऊन बसतं. पिंप जातं आणि फवाऱ्यातलं तांबंही. घंगाळात बिघडत काही नाही, पण मग ते अंघोळीला वापरू नका. प्लॅस्टिकचं पिंप स्वस्त आणि त्याहून बरं.

एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना, एकूण १०० लिटर पाण्यात. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून ५० लिटर पाण्याच्या वरच्या थरात लटकवा, तळाशी टाकलं तर खालीच घट्ट द्रावण होऊन विरघळायला वेळ लागतो. चुना वेगळ्या भांड्यात थोड्या थोड्या पाण्याने विरवा, गार होऊ द्या, ५० लिटर करा आणि गाळा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळा. ते जमत नसेल तर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, उलट नको. उलट केलं की कण मोठे होतात, लवकर खाली बसतात आणि नोझल तुंबतं.

मग स्वच्छ घासलेल्या कोयत्याचं पातं एक मिनिट बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, शिंपाळ्यावरची (सुपारीच्या घोसावरची) कोवळी फळं भाजतील. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. पातं स्वच्छ आलं की फवारा, आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी पानाला चिकटत नाही. कोळेरोगासाठी (सुपारीची फळं कुजवणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी) पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, पुढची ३०-४५ दिवसांनी उघडीप बघून.

१ किलो मोरचुदात २५५ ग्रॅम तांबं असतं आणि ते मातीतून कुठेही जात नाही. युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घालून दिली आहे. आपल्या बागेतही वहीत नोंद ठेवा.

परसदार

शेवटचं विचारतो. पातेल्याचे पोचे कल्हईआधी काढायचे की नंतर?

कथील_नवसागर

आधीच. तांबं ठोकलं की कडक होतं आणि तापवलं की पुन्हा मऊ. तांबट ज्या गोल ठोक्यांनी मठार काढतो त्याने भांड्याला नुसती शोभा येत नाही, पातळ पत्र्याला ताठपणा येतो. दर कल्हईला भांडं तापतं आणि तो ताठपणा थोडा उतरतो. दहा-बारा कल्हया झालेल्या पातेल्याला नुसतं उचलताना पोचे पडतात ते त्यामुळेच. म्हणून पोचे काढून, आतून पूर्ण साफ करून मग कल्हई. कल्हई झाल्यावर बाहेरून बारीक मठार मारून घ्या, आतून ठोशाच्या जागी लाकडी आडण आणि त्यावर जाड कापड ठेवायला सांगा. उघड्या लोखंडी ऐरणीवर पातेलं टेकवलं तर ताजं कथील तिथेच चेपून सुटेल.